होमस्टेकच्या खाणीतील शोधकर्ते

अमेरिकेच्या दक्षिण डाकोटा राज्यात, लीड या गावी, सव्वाशे वर्षे सोने देऊन २००२ साली बंद पडलेल्या होमस्टेकच्या खाणीत, ४८५० फूट खोलीवर, दहा टन द्रवरूप झेनॉन टायटेनियमच्या पात्रात उणे शंभर अंशांच्या आसपास थंड राखलेला आहे. आणि विश्वातील कृष्णद्रव्याचा एखादा कण त्यातील अणुकेंद्रावर आदळतो की काय, याची तेथे अहोरात्र नोंद ठेवली जाते. या यंत्राचे नाव लक्स-झेप्लिन. खाणच का निवडावी, हे आपल्याकडे नव्याने सांगावयास नको. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह १९६५ साली कोलारच्या खाणीत न्यूट्रिनो नावाच्या वातावरणजन्य कणांचा माग काढला, तोही डोक्यावरच्या खडकाने विश्वकिरणांचा वर्षाव अडवला म्हणूनच.

टक्कर झालीच, तर झेनॉनमध्ये प्रथम एक क्षीण चमक उठते. सुटे झालेले इलेक्ट्रॉन विद्युत्क्षेत्राच्या ओढीने वर येऊन पृष्ठभागावरील वायूत दुसरी, अधिक ठळक चमक उमटवतात. या दोहोंमधील वेळेच्या अंतरावरून घटनेची खोली, आणि त्यांच्या तेजाच्या प्रमाणावरून आघात अणुकेंद्रावर झाला की इलेक्ट्रॉनवर, याचा निवाडा होतो. ४९४ प्रकाशगुणक नळ्या ही साक्ष टिपतात.

परंतु या साक्षीची उलटतपासणी हेच येथले खरे काम, आणि त्याचा मोठा भार पीएच.डी. संपवून दोन-तीन वर्षांच्या मुदतीच्या नेमणुकीवर आलेल्या तरुण संशोधकांवर, म्हणजे पोस्टडॉकांवर, असतो. प्रत्येक पेच, प्रत्येक तार किरणोत्सर्गासाठी तपासून मगच आत घेतली गेली; यंत्राच्या अंतर्भागावर सारी मिळून एक ग्रॅमहून अधिक धूळ बसू द्यायची नाही, असा दंडक होता; झेनॉनमध्ये लपलेला क्रिप्टॉन कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत कोळशाच्या स्तंभांतून गाळून काढावा लागला. एवढा बंदोबस्त करूनही रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू झिरपतोच. तेव्हा कोणत्या मूलद्रव्याने किती खोट्या चमका घातल्या, याचा पैन् पैचा जमाखर्च मांडीत बसणे, ज्ञात उगमाचे किरण मुद्दाम सोडून यंत्राची पारख करणे, आणि रात्री-अपरात्री पहाऱ्याची पाळी सांभाळणे, हा त्यांचा दिनक्रम.

त्यांच्या सचोटीची एक तजवीज मला फार थोर वाटते. खऱ्या नोंदींमध्ये कृष्णद्रव्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम घटना गुप्तपणे मिसळतात, आणि पृथक्करणाची सारी रीत कायम ठरल्यावरच त्या कोणत्या हे उघड करतात. त्यामुळे शोध लागावा ही उत्कट इच्छा बाळगणाऱ्या माणसालाही आपल्या इच्छेकडे निकाल झुकवता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये २८० दिवसांच्या नोंदींचा निकाल जाहीर झाला. कृष्णद्रव्य सापडले नव्हते. मात्र ते कोठे नाही, याची मर्यादा पूर्वी कोणी नेली नव्हती इतकी पुढे सरकली होती. अशा निकालाला अपयश म्हणणे मला अन्यायाचे वाटते. तितकाच अन्याय असा की, यंत्र उभारण्यात ज्यांची तरुण वर्षे गेली, त्यांच्यापैकी कित्येकांची मुदत निकालापूर्वीच संपलेली असते. प्रयोग दशकाहून अधिक चालतो, नेमणूक मात्र नाही.

आता खोट्या चमकांच्या जमाखर्चात एक नवी रक्कम येऊ लागली आहे. सूर्याच्या गर्भात बोरॉनपासून निघणारे न्यूट्रिनो झेनॉनच्या अणुकेंद्रांना हलवीत असल्याची पहिली चिन्हे इटलीतील ग्रान सासो आणि चीनमधील चिनपिंग येथील यंत्रांनी २०२४ साली नोंदवली. याच होमस्टेकमध्ये रेमंड डेव्हिस यांनी १९६० च्या दशकापासून सूर्याचे न्यूट्रिनो मोजले, ते अपेक्षेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच भरले, आणि तो आकडा खरा ठरून त्यांना नोबेल मिळण्यास २००२ साल उजाडले. सूर्याचे हे न्यूट्रिनो खडकाने अडत नाहीत, गाळून निघत नाहीत. कृष्णद्रव्याच्या हलक्या कणाची खूण आणि त्यांची खूण जवळजवळ एकसारखी. ती वेगळी कशी ओळखावी, या प्रश्नावर सध्याचे पोस्टडॉक काम करीत आहेत.