पदवी हाती आली, पण काम येते का?

यवतमाळ, पुसद, दिग्रस, उमरखेड, वणी... आपल्या जिल्ह्यात आता गल्लोगल्ली पदवीधर मुले-मुली दिसतात. अमरावती विद्यापीठाची पदवी घरात आली की मिठाई वाटली जाते. मग मुलाखती सुरू होतात आणि मुले रिकाम्या हाताने परततात. "आपली ओळख नाही ना कुठे!" असे घरचे म्हणतात. वशिला चालतो, हे आम्ही नाकारत नाही. पण आम्हा शिक्षकांना दुसरे कारणही दिसते. मालक जे विचारतो, ते मुलांनी कधी करून पाहिलेलेच नसते.

हिशोब आणि विचार

आपल्याकडच्या जिनिंग-प्रेसिंगचेच उदाहरण घ्या. १०० क्विंटल कापूस आला, ३४ टक्के रुई निघाली आणि गाठ १७० किलोची, तर गाठी किती? रुई ३४०० किलो, म्हणजे २० गाठी. गणित शाळेतलेच आहे. तरी बी.कॉम. झालेला मुलगा अडखळतो, कारण टक्केवारी त्याने परीक्षेपुरती पाठ केलेली असते. वजनपावती आणि बिल ताडून पाहणे, फरक दिसला तर लपवण्याऐवजी लगेच सांगणे, हेच मालकाला हवे असते. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालातही कंपन्यांनी विश्लेषण करून विचार करण्याच्या क्षमतेलाच पहिले स्थान दिले आहे.

भाषा: अडचण आणि ताकद

उर्दू माध्यमातील मुले मराठी बोलतात, पण अर्ज लिहिताना त्यांचा हात थांबतो. शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट टंकलेखनाचे प्रमाणपत्र लागते. त्याची तयारी पदवीच्या पहिल्याच वर्षी सुरू व्हावी. दुसरी बाजूही पाहा. याच मुलांना उर्दू, हिंदी, मराठी येते. पुसद-दिग्रसकडे काहींना बंजारा भाषाही समजते. बँकेच्या किंवा दवाखान्याच्या काउंटरवर हा मोठा गुण आहे. मुलाखतीत तो आवर्जून सांगावा.

अनुभव कुठून आणायचा?

नव्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक आहेत. ओळखीच्या दुकानातून नुसते प्रमाणपत्र आणले, तर नुकसान आपलेच. २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरासाठी दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. अशा प्रशिक्षणाने कायम नोकरीची हमी मिळत नाही. पण वेळेवर जाणे, वरिष्ठांचे ऐकणे, न समजलेले विचारणे ही सवय लागते.

मुलींच्या बाबतीत इथेच गाडी अडते. तीन वर्षे कॉलेजला पाठवलेल्या मुलीला दोन महिने कामावर पाठवताना घरात चर्चा झडतात. काळजी रास्त आहे. मग वडिलांनी किंवा भावाने स्वतः जाऊन जागा पाहावी, वेळ विचारावी, येण्या-जाण्याची सोय करावी आणि तिला जाऊ द्यावे. पदवी केवळ रिश्त्याच्या बायोडाटात लिहिण्यासाठी नसते.

सुरुवात घरातूनच करता येईल. महिन्याच्या खर्चाचा हिशोब मुलांना संगणकावर मांडू द्या. वीजबिलाची तक्रार त्यांनाच मराठीत लिहू द्या. बँकेत त्यांनाच बोलू द्या, आपण शेजारी उभे राहू. चार वेळा चुकतील, पाचव्यांदा जमेल. हे सारे निकालानंतर शिकायचे म्हटले, तर उशीर झालेला असतो.