वीज गेली तरी हिशेब जुळतो

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघे दरम्यानच्या ४०० केव्ही वाहिनीवर बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल रुळांवरच थांबल्या. कोविडमुळे ऑफिस आणि शाळा घरात आल्या होत्या. यूपीएस नसलेले कॉम्प्युटर लिहिता लिहिता बंद पडले. कल्याण-डोंबिवलीला याची सवय जुनी. २००५ नंतरची काही वर्षं महावितरणच्या भारनियमनाच्या वेळा इथे घरोघरी पाठ होत्या.

असा अचानक बंद पडलेला कॉम्प्युटर वीज आल्यावर बहुधा काही झालंच नाही असा सुरू होतो. हे श्रेय जर्नलचं, म्हणजे डिस्कवरच्या एका नोंदवहीचं.

एक फाइल सेव्ह करताना डिस्कवर अनेक ठिकाणी लिहावं लागतं: मोकळ्या जागेचा नकाशा, फाइलची नोंद, फोल्डरची यादी आणि खुद्द मजकूर. मध्येच वीज गेली तर नकाशात जागा भरलेली दिसते, पण ती कोणत्याच फाइलची नसते. किंवा एकच जागा दोन फाइलींना दिली जाते. पूर्वी यावर उपाय एकच, अख्खी डिस्क तपासणं. विंडोज ९८ चा निळ्या पडद्यावरचा स्कॅनडिस्क अनेकांना आठवत असेल. डिस्क मोठ्या झाल्या तशी ही तपासणी तासांवर गेली.

जर्नलची रीत पेढीवरची आहे: आधी रोजकीर्द, मग खतावणी. काय बदलायचंय ते डिस्कवरच्या राखीव पट्ट्यात आधी लिहायचं, शेवटी ‘पूर्ण’ अशी खूण करायची आणि मगच मूळ जागी उतरवायचं. वीज आल्यावर फक्त हा पट्टा वाचला जातो. खूण असलेल्या नोंदी पुन्हा उतरवायच्या, अर्धवट असतील त्या सोडून द्यायच्या. नोंदीत ‘इतके वाढवा’ असं नसतं, त्या जागेचं अंतिम रूपच असतं. त्यामुळे तीच नोंद दोनदा उतरली तरी बिघडत नाही.

आयबीएमच्या एआयएक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ही सोय १९९० मध्ये आली, विंडोज एनटीच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिममध्ये (डिस्कवर फाइली मांडण्याच्या व्यवस्थेत) १९९३ मध्ये. घराघरांत ती पोचवली २००१ च्या विंडोज एक्सपीने. त्याच वर्षी स्टीफन ट्वीडी यांची ईएक्सटी-३ ही जर्नल असलेली फाइल सिस्टिम लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आली.

मात्र जर्नलचं वचन मर्यादित आहे. ईएक्सटी-३ आणि तिची पुढची आवृत्ती ईएक्सटी-४ नेहमीच्या पद्धतीत फक्त व्यवस्थेच्या नोंदी, म्हणजे नकाशा, फाइलची नोंद आणि यादी, जर्नलमध्ये लिहितात, मजकूर नाही. आणि त्याही साधारण पाच सेकंदांच्या अंतराने. म्हणजे डिस्क शाबूत राहते, पण शेवटचा परिच्छेद जाऊ शकतो. २००९ मध्ये ईएक्सटी-४ वापरणाऱ्या काहींच्या फाइली सिस्टिम कोसळल्यावर शून्य बाइटच्या निघाल्या. नावं जागेवर होती, मजकूर डिस्कवर पोचलाच नव्हता. प्रोग्रामने ‘एफसिंक’ची आज्ञा देऊन मजकूर डिस्कवर उतरवून घ्यायला हवा, हा धडा तेव्हा पक्का झाला.

आणखी एक अट खुद्द डिस्कने पाळायची आहे. वेग वाढावा म्हणून डिस्क आपल्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, लिखाण रोखून ठेवते आणि क्रमही बदलते. ‘पूर्ण’ची खूण नोंदीच्या आधी उतरली तर सगळी युक्ती फसते. म्हणून खुणेआधी कॅश रिकामी करायला सांगितलं जातं, आणि ती आज्ञा डिस्कने खरोखर पाळावी लागते.

पेन ड्राइव्ह आणि कॅमेऱ्याच्या कार्डांवर बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट ही फाइल सिस्टिम असते. तिथे जर्नलच नसतं. लग्नाचे फोटो असलेलं कार्ड कॉपी चालू असताना ओढून काढणाऱ्याला सावरून घेणारी कोणतीही नोंद त्यावर नाही.