सर्रा झालेल्या जनावराच्या रक्तात काय घडतं?

सर्रा झालेल्या घोड्याचा ताप फसवा असतो. काही दिवस अंग तापतं, मग ताप उतरतो, घोडा चंदीला तोंड लावतो आणि मालकाचा जीव भांड्यात पडतो. थोड्या दिवसांनी ताप पुन्हा चढतो. दर फेरीला जनावर आणखी वाळतं, पोटाखाली आणि पायांवर सूज उतरते, डोळ्यांच्या पापण्या आतून पांढुरक्या दिसू लागतात. उपचार मिळाले नाहीत तर बहुतेक घोडे दगावतात.

या रोगाचा परजीवी 1880 मध्ये सापडला. तेव्हाच्या पंजाब प्रांतात, डेरा इस्माईल खान इथे, ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्यानं आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात तो वळवळताना पाहिला. त्याचं नाव पुढे ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय पडलं. आफ्रिकेतल्या निद्रारोगाच्या परजीवीचा हा जवळचा नातलग, पण पसरायला त्याला त्सेत्से माशी लागत नाही. घोडमाशी एका जनावराला चावताना मध्येच हाकलली गेली आणि लगेच दुसऱ्यावर बसली, की तिच्या सोंडेला लागलेलं रक्त पुरतं.

मलेरियाचा जंतू तांबड्या पेशीत शिरून लपतो. हा लपत नाही. तो रक्तात उघडा पोहतो, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या थेट समोर. त्याच्या अंगावर एकाच प्रकारच्या प्रथिनाचे सुमारे एक कोटी रेणू इतके दाटीनं उभे असतात, की जनावराच्या शरीराला हा अंगरखाच तेवढा दिसतो. आतले, न बदलणारे भाग झाकलेले राहतात.

शरीर अंगरखा ओळखतं आणि आठवडाभरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. आधी आयजीएम प्रकारची, मागून आयजीजी प्रकारची. सुरुवातीला प्रतिपिंडं थोडी असतात तेव्हा परजीवी तीही झटकतो. तो पुढे पोहत असताना अंगाला चिकटलेली प्रतिपिंडं रक्ताच्या प्रवाहानं मागे ढकलली जातात; तिथे एक खळगी असते, तिच्यातून तो ती गिळून पचवतो. प्रतिपिंडं वाढली की ही युक्ती तोकडी पडते. मग यकृतातल्या भक्षक पेशी लाखो परजीवी गिळतात आणि ताप उतरतो.

पण सगळे मरत नाहीत. निद्रारोगाच्या परजीवीत अंगरख्याच्या प्रथिनाची दोन हजारांच्या आसपास जनुकं सापडली आहेत. बरीच अर्धवट आहेत, पण त्यांचे तुकडे जोडून नवी तयार होतात. एका वेळी वापरात असतं एकच. इथे एक गैरसमज सहज होतो: प्रतिपिंडं आली म्हणून परजीवी अंगरखा बदलतो, असं वाटतं. तसं नाही. प्रतिपिंडं असोत वा नसोत, वाढता वाढता काही मोजके परजीवी आपोआप बदलतात. प्रतिपिंडं जुन्या अंगरख्याच्या सगळ्यांना संपवतात आणि या मोजक्यांना रान मोकळं होतं. शरीराची प्रत्येक चढाई यशस्वी होते, पण तोवर पुढची फळी वाढीला लागलेली असते. या रोगावर लस नाही, त्याचं मुख्य कारण हेच.

शरीर याची किंमत मोजतं. चेतलेल्या भक्षक पेशी स्वतःच्या तांबड्या पेशीही गिळू लागतात. रक्तक्षय मोठ्या प्रमाणात त्यातूनच होतो. उंदरांवरच्या प्रयोगांत याहून गंभीर गोष्ट दिसली आहे. या कुळातल्या परजीवींमुळे प्लीहेतल्या, प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी नष्ट होतात आणि आधीच्या लसीनं दिलेली प्रतिकाराची आठवणही पुसली जाते. म्हशींच्या बाबतीत मला हे फार महत्त्वाचं वाटतं. गायी-म्हशींत सर्रा अनेकदा ठळक लक्षणांशिवाय राहतो. दूध घटतं, गाभ पडतो, पण संशय येत नाही. अशा म्हशींना घटसर्पाची लस दिली तर प्रतिसाद कमी मिळतो, हे अभ्यासातून दिसलं आहे. पावसाळ्याआधी लस टोचूनही म्हैस घटसर्पानं आजारी पडली, तर लसीला दोष देण्याआधी तिचं रक्त सर्रासाठी तपासून पाहायला हवं.

माणसाला सहसा हा रोग होत नाही, आणि त्यात प्रतिपिंडांचा वाटा फारसा नाही. आपल्या रक्तात अपोएल-1 नावाचं प्रथिन असतं. परजीवी ते गिळतो आणि ते आतून त्याच्या पचनपिशवीला भोकं पाडतं. 2004 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला तापाच्या पाळ्या येऊ लागल्या आणि त्याच्या रक्तात हाच परजीवी आढळला. पुढे जनुकं तपासली तेव्हा कळलं, की अपोएल-1 च्या त्याच्या दोन्ही प्रतींत बिघाड होता. प्रयोगशाळेत त्याच्या रक्तद्रवात हे प्रथिन मिसळताच तो रक्तद्रव परजीवीला मारू लागला. सुरामिन या औषधानं शेतकरी बरा झाला. घोडा, उंट आणि म्हैस यांच्याकडे मात्र हे प्रथिन मुळातच नसतं. त्यांची सगळी भिस्त प्रतिपिंडांवर आणि वेळेवर टोचलेल्या औषधावर.