प्रार्थनेची चाल कुणाची? : वसंत देसाई

मंडळी, भंडाऱ्यापासून पवनी-लाखांदूरपर्यंत कोणत्याही शाळेच्या फाटकाशी सकाळी उभे राहा. परिपाठात ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ किंवा ‘हमको मन की शक्ति देना’, यातलं एखादं कानावर पडण्याची शक्यता मोठी. पोरांना पाठ, बाईंना पाठ, तुम्हा-आम्हालाही पाठ. आता चाल कुणाची ते विचारून पाहा. बहुतेक जण लताबाईंचं नाव घेऊन मोकळे होतात! दोन्ही चाली एकाच मराठी माणसाच्या आहेत, वसंत देसाई यांच्या.

जन्म १९१२ चा, कुडाळजवळच्या सोनवडे गावचा. पोरवयातच ते ‘प्रभात’ फिल्म कंपनीत शिरले. पडेल ते काम केलं, ‘अयोध्येचा राजा’त पडद्यावर गायलेही. त्या चित्रपटाचे संगीतकार गोविंदराव टेंबे. म्हणजे शाळा चांगली मिळाली. पुढे शांतारामबापूंनी १९४२ मध्ये ‘राजकमल’ काढलं, तेव्हा देसाई त्यांच्याबरोबर गेले आणि १९४३ च्या ‘शकुंतला’ने नाव झालं. मग ‘अमर भूपाळी’, ‘श्यामची आई’, ‘झनक झनक पायल बाजे’, ‘गूँज उठी शहनाई’. या शेवटच्यात सनई खुद्द बिस्मिल्ला खाँसाहेबांची.

पण मला थांबायचंय ते १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’पाशी. औंध संस्थानातल्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून सुचलेली ही गोष्ट. भरत व्यासांची ही प्रार्थना पडद्यावर कुणासाठी आहे? खुनाची शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांसाठी. आता संगीतकाराची अडचण बघा. गळा तयार नसलेल्या माणसांच्या तोंडी शोभेल अशी चाल हवी. म्हणून भैरवी घेतली, पण ताना नाहीत, हरकती नाहीत. ओळी सुट्या-सुट्या, सगळ्यांना एकदम श्वास घेता येईल अशा. कैद्यांना जे जमतं ते तिसरीच्या वर्गालाही जमतं. शाळांनी ती उचलली त्याचं कारण, माझ्या मते, हेच.

‘गुड्डी’त (१९७१) तर प्रसंगच शाळेतला. गुलजारांचे शब्द, वाणी जयराम यांचा आवाज, आणि राग केदार! सा वरून सरळ मध्यमावर जाणारा हा राग शिकायला वर्षं लागतात. आपली पोरं तो पटांगणात रांगेत उभी राहून गातात, नाव माहीत नसताना.

देसाईंना समूहगानाचं वेडच होतं. हजारो शाळकरी मुलांना एका सुरात गायला लावायचं काम त्यांनी मनापासून केलं. १९६६ मध्ये एम. एस. सुब्बुलक्ष्मी संयुक्त राष्ट्रसंघात ‘मैत्रीम् भजत’ गायल्या, ती चालही त्यांचीच.

आणि नाटक! झाडीपट्टीत बसून हे विसरलो तर तुम्ही मला उठवाल. विद्याधर गोखल्यांच्या ‘पंडितराज जगन्नाथ’चं, ‘जय जय गौरीशंकर’चं संगीत देसाईंचं. संगीत नाटक संपलं असं म्हणण्याच्या काळात त्यांनी ही पदं बांधली.

२२ डिसेंबर १९७५ ला मुंबईत, राहत्या इमारतीतल्या लिफ्टच्या अपघातात ते गेले. वय त्रेसष्ट. हातात काम होतं.

येत्या २६ जानेवारीला निवेदन करणाऱ्या गुरुजींसाठी एवढंच: गीतकार, गायिका यांच्यानंतर एक नाव आणखी घ्यायचं. अर्धा मिनिटही लागत नाही.