बॉक्सवर लिनक्सचं नाव नाही, मग स्टिअरिंग चालेल का?

आजचा एपिसोड जरा घरचाच आहे. ज्यांना हेडफोन न लावता वाचायचंय त्यांच्यासाठी हा त्याचा लिखित भाग.

विश्रांतवाडीत आमच्या घरी एक जुना लॅपटॉप आहे, इंटेलच्या सातव्या जनरेशनचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ला साधारण आठव्या जनरेशनच्या पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. म्हणजे लॅपटॉप ठणठणीत, पण कागदोपत्री रिटायर! मी त्यावर लिनक्स मिंट टाकलं आणि घरात जरा भाव खाल्ला.

तो भाव महिन्याभरातच उतरला. धाकट्या भावाने इंटर्नशिपचा स्टायपेंड साठवून सेकंडहँड लॉजिटेक जी२९ घेतलं, म्हणजे गेमिंगचं स्टिअरिंग आणि पेडल. विकणाऱ्याने सात दिवसांची मुदत दिली होती, नाही पटलं तर परत. आम्ही 'युरो ट्रक सिम्युलेटर २' लावला. ट्रक वळत होता, पण हाताला जोरच लागत नव्हता. रस्त्याचा धक्का नाही, वळणावर ताण नाही. बॉक्स पाहिला तर त्यावर लिनक्सचा उल्लेखच नाही. भाऊ म्हणाला, "दादा, तुझ्या लिनक्सपायी माझे पैसे गेले." आणि तो पाचवा दिवस होता.

आता मुद्द्याचं बोलू. बॉक्सवर नाव नाही याचा अर्थ एवढाच, की अडलं तर कंपनी मदत करणार नाही. वस्तू चालेल की नाही, ते तीन पायऱ्यांवर ठरतं. अडकलो की आधी कोणत्या पायरीवर अडकलोय ते शोधायचं.

पहिली पायरी ओळखीची. यूएसबीची कुठलीही वस्तू जोडली की ती आपला नंबर सांगते. अर्धा नंबर कंपनीचा, अर्धा मॉडेलचा. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' ही कमांड दिली की तो दिसतो. शिवाय कीबोर्ड, माउस आणि बरेचसे गेमपॅड एचआयडी नावाच्या एकाच ठरलेल्या भाषेत बोलतात: "माझ्याकडे इतकी बटणं आहेत, इतक्या दिशा आहेत." त्यामुळे साधं काम कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवायही होतं.

दुसरी पायरी ड्रायव्हरची. हाताला जोर देणं, म्हणजे फोर्स फीडबॅक, हे जास्तीचं काम. त्याला त्या वस्तूची खास भाषा येणारा ड्रायव्हर लागतो. असे पुष्कळ ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये आधीच असतात. लॉजिटेकच्या बऱ्याच स्टिअरिंगचे आहेत, वायरवाल्या एक्सबॉक्स कंट्रोलरचा आहे. प्लेस्टेशन ५ च्या ड्युअलसेन्सचा ड्रायव्हर तर सोनीने स्वतःच दिला आणि तो २०२१ मध्ये कर्नल ५.१२ मध्ये आला.

तिसरी पायरी परवानगीची. वस्तू ओळखली, ड्रायव्हर लागला, पण गेमला तिला हात लावायची मुभा नाही, असंही होतं. हे काम 'यूडेव्ह' बघतो. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमनच समजा. त्याच्याकडे एका ओळीचा नियम लिहून दिला की तो आत सोडतो.

आमचं काय झालं होतं? नंबर पाहिला तर ०४६डी:सी२६०. पहिला भाग लॉजिटेकचा, बरोबर. पण कर्नलमधला ड्रायव्हर जी२९ ला सी२४एफ या नंबराने ओळखतो. दोन नंबर कसे? तर या स्टिअरिंगवर पीएस३ आणि पीएस४ असं एक छोटं बटण आहे आणि ते सरकवलं की नंबर बदलतो! आमचं पीएस४ वर होतं. पीएस३ वर सरकवलं, केबल काढून परत लावली, आणि पहिल्याच वळणावर चाकाने भावाचा हात ओढला. चार दिवस मी ड्रायव्हर, गेम, केबल सगळ्यांवर संशय घेतला, फक्त नंबर पाहिला नाही. चूक माझीच.

थोडं पुढचं. कर्नलमधला ड्रायव्हर एकाच प्रकारचा जोर देतो. स्प्रिंगसारखा ताण वगैरे हवा असेल तर बाहेरून 'न्यू-एलजी४एफएफ' टाकता येतो. मात्र सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर लोड होत नाही, तेव्हा घाबरू नका. चाक किती अंश फिरावं, ९०० की कमी, हे 'ओव्हरस्टिअर' नावाच्या छोट्या ॲपमधून ठरवता येतं.

काही गोष्टी मात्र होत नाहीत, तेही सांगतो. कंपनीचं जी हब लिनक्सवर येत नाही. आणि व्हॅलोरंटसारखा गेम त्याच्या अँटी-चीटमुळे लिनक्सवर चालतच नाही. तिथे माउस-कीबोर्ड कितीही चांगले असले तरी उपयोग नाही.

आता तुमच्यासाठी. तपकीर गल्लीत किंवा कुणाच्या घरी सेकंडहँड वस्तू बघायला गेलात, तर पैसे देण्याआधी फोनवर मॉडेलचं नाव आणि पुढे 'लिनक्स' टाकून शोधा. गेमपॅड असेल तर ओटीजी ॲडॉप्टर खिशात ठेवा. अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचाच कर्नल आहे. फोनला जोडल्यावर बटणं चालली, तर पहिली पायरी बहुतेक पार झाली. आणि इंटरनेटवरची 'सुडो'ने सुरू होणारी कमांड समजल्याशिवाय चिकटवू नका. ती सगळ्या सिस्टीमची किल्ली असते. अडलात तर विचारताना "चालत नाही" एवढंच लिहू नका. तो नंबर द्या, कर्नलची आवृत्ती द्या. उत्तर लवकर मिळतं.

सहाव्या दिवशी भावाने विकणाऱ्याला मेसेज केला, "ठेवतोय." लॅपटॉप आता त्याच्याच टेबलावर असतो. मला खेळायचं असेल तर नंबर लावावा लागतो.

तुमची कोणती वस्तू कपाटात पडून आहे, कळवा. भेटू पुढच्या एपिसोडला!