‘प्रश्न उद्भवत नाही’ : कामगारांचा प्रश्न सभागृहात जातो तेव्हा

(पारोळा येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मित्रहो, व्यासपीठावर चढण्याआधी एका काकांनी माझ्या हातात चिठ्ठी दिली. एसटीतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. चिठ्ठीत एकच ओळ, आपल्या अहिराणीत : ‘भाऊ, आम्हना प्रश्न कोन इचारी?’ मी तयारी वेगळ्या क्रमानं केली होती, पण आता या चिठ्ठीपासूनच सुरुवात करतो. कारण प्रश्न विचारला जातो की नाही, यापेक्षा तो कुणाला विचारला जातो आणि उत्तर आल्यावर पुढे काय होतं, यात सगळी मेख आहे.

आधी थोडं मागे जाऊ. इंग्रजांच्या काळात कायदे मंडळात प्रश्न विचारायची मुभा मिळाली ती १८९२ च्या कायद्यानं. पण कशी? प्रश्न विचारा, उत्तर घ्या आणि खाली बसा. उत्तरावर पुन्हा विचारायचं नाही. १९०९ मध्ये ज्यानं मूळ प्रश्न विचारला त्याला उपप्रश्नाची परवानगी मिळाली, आणि १९१९ च्या सुधारणांनंतर इतर सदस्यांनाही. म्हणजे उपप्रश्नाचा हक्क मिळवायला सत्तावीस वर्षं लागली. सरकारला पहिल्या प्रश्नाची भीती नसते हो, त्याचं उत्तर कचेरीतून लिहून आलेलं असतं. भीती असते ती दुसऱ्या प्रश्नाची.

या हक्काचा कामगारांसाठी चिकाटीनं वापर करणारा माणूस मराठीच होता. नारायण मल्हार जोशी. ‘आयटक’च्या स्थापनेतले एक प्रमुख. १९२१ पासून दोन तपांहून जास्त काळ ते मध्यवर्ती कायदे मंडळात कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी होते. मागे पक्षाचं बळ नाही, मतदारसंघ नाही, हातात होते ते प्रश्न. आणि १९४२ ते १९४६ या काळात समोरच्या सरकारी बाकावर, मजूर खात्याचे सदस्य म्हणून उत्तरं द्यायला कोण होतं? डॉ. बाबासाहेब आंबेडकर!

आता इथे आपण थोडं थांबू या, कारण हा प्रसंग आपण फारसा आठवत नाही. युद्धामुळे कोळशाची टंचाई होती. खाणींत जमिनीखाली स्त्रियांनी काम करण्यावर बंदी होती, ती १९४३ मध्ये उठवली गेली. फेब्रुवारी १९४४ मध्ये सभागृहात त्यावर वाद झाला. बाबासाहेबांना सरकारची बाजू मांडावी लागली. त्यांनी निर्णयाचं समर्थन केलं, पण त्याचबरोबर या स्त्रियांना पुरुषांइतकंच वेतन मिळेल हे सभागृहात सांगितलं. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. आपल्याला वाटतं की प्रश्न विचारणारा चांगला आणि उत्तर देणारा वाईट. इथे तसं म्हणता येत नाही. पण वाद झाला म्हणूनच सरकारच्या तोंडून समान वेतनाचा शब्द नोंदीवर आला. जे नोंदीवर येतं ते पुढच्या माणसाला वापरता येतं.

आता आजची पद्धत. लोकसभेत प्रश्न दोन मुख्य जातींचे. ज्यावर तारा असतो तो तारांकित, त्याचं उत्तर मंत्री उभं राहून देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी येतं, पटलावर ठेवलं जातं, संपलं. दिवसाला वीस तारांकित आणि दोनशे तीस अतारांकित. कोणाचा प्रश्न लागणार हे सोडतीनं ठरतं. पंधरा पूर्ण दिवसांची सूचना द्यावी लागते, प्रश्न दीडशे शब्दांपेक्षा मोठा चालत नाही, त्यात मत, आरोप, टोमणा चालत नाही. ‘कामगारांची लूट करणारे हे सरकार’ असं लिहिलं की प्रश्न गेला केराच्या टोपलीत!

आपल्या विधानसभेतल्या प्रश्नांची भाषा तर वाचण्यासारखी असते. ‘सन्माननीय कामगार मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात. मग एक : अमुक कारखान्यातील कामगारांचे वेतन थकले आहे, हे खरे आहे काय. दोन : असल्यास, चौकशी केली आहे काय. तीन : नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. उत्तरंही ठरलेली. ‘होय.’ ‘हे खरे नाही.’ ‘हे अंशतः खरे आहे.’ आणि सगळ्यात लाडकं उत्तर : ‘प्रश्न उद्भवत नाही.’ पहिल्याला ‘खरे नाही’ म्हटलं की दुसरा आणि तिसरा आपोआप उद्भवत नाही. तीन पायऱ्यांचा जिना, पहिलीच पायरी काढून घेतली की वरच्या दोन हवेत.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण आपल्या घरासमोरचं आहे. मे २०२० आठवा. सुरतेकडून नागपूर, रायपूर, कोलकात्याकडे जाणारा महामार्ग आपल्या पारोळ्यातून जातो. टाळेबंदीत डोक्यावर बोचकी घेऊन गावाकडे निघालेली माणसं आपण सगळ्यांनी बघितली. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला असलेली मध्य प्रदेशची माणसं. ती चालत निघाली होती कुठे? भुसावळला. आपल्या भुसावळला गाडी मिळेल म्हणून.

त्यानंतर १४ सप्टेंबरला संसदेचं अधिवेशन सुरू झालं. स्थलांतरित मजूर घरी परतताना मरण पावले, त्यांची राज्यवार माहिती काय, कुटुंबांना भरपाई दिली काय, असा लेखी प्रश्न श्रम मंत्रालयाला होता. उत्तर आलं : अशी माहिती ठेवली जात नाही. आणि भरपाई? वरील उत्तर पाहता प्रश्न उद्भवत नाही. त्याच मंत्रालयानं एक कोटी चार लाखांहून जास्त मजूर आपल्या राज्यांत परतले, हा आकडा मात्र दिला. म्हणजे परतलेले मोजले होते.

आता बघा, त्या अधिवेशनात कोविडचं कारण देऊन प्रश्नोत्तराचा तासच रद्द केला होता. फक्त अतारांकित प्रश्न. तारांकित असता तर कुणीतरी उठून विचारलं असतं, ‘मंत्रिमहोदय, आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ पासून आहे. त्यात ठेकेदारानं मजुरांची नोंदवही ठेवायची आहे. त्या वह्या कुठे आहेत?’ हा दुसरा प्रश्न विचारायला जागाच नव्हती. आपण १९०९ च्या मागे गेलो होतो, काही दिवसांपुरते का होईना. आणि याच अधिवेशनात औद्योगिक संबंध संहिता मंजूर झाली. कामगार कपातीसाठी सरकारची परवानगी घेण्याची अट आधी शंभर कामगारांच्या कारखान्यापासून होती, ती तीनशेवर गेली. एवढा मोठा बदल, आणि मंत्र्याला तोंडी प्रश्न विचारायची सोय नाही. मला हे आजही खटकतं.

पण त्याच आठवड्यात राज्यसभेत रेल्वे मंत्रालयाला प्रश्न गेला. त्याचं उत्तर काय? ९ सप्टेंबरपर्यंत श्रमिक विशेष गाड्यांतून प्रवास करताना ९७ जण मरण पावले. घ्या! एका खात्याकडे माहिती नाही, दुसऱ्याकडे आकडा आहे. अर्थात करमाडचे सोळा जण त्या ९७ मध्ये येत नाहीत. ते गाडीत नव्हते, गाडीकडे निघाले होते. कुठलं दार ठोठावता आणि कुठले शब्द वापरता, यावर कोण मोजला जातो हे ठरतं.

आता काकांच्या चिठ्ठीकडे. काकांचे दोन प्रश्न आहेत आणि ते दोन वेगळ्या सभागृहांचे आहेत. एसटी महामंडळाची थकबाकी, वेतन, २०२१-२२ च्या संपात गाजलेलं विलीनीकरण, हे मुंबईचं, म्हणजे विधानसभेचं काम. तिथे आपला मतदारसंघ एरंडोल. पण निवृत्तिवेतन मिळतं ते १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतून, आणि ते दिल्लीचं. तिथे आपला मतदारसंघ जळगाव. कामगार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणून ही गफलत फार होते. औद्योगिक वसाहतीतल्या खासगी कारखान्याबद्दल लोकसभेत विचारलं तर बहुधा ‘ही बाब राज्य शासनाच्या अखत्यारीत येते’ एवढंच हाती पडतं. याउलट भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणी २०२१ मध्ये सरकारी कंपन्यांकडे गेल्या, तिथल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा प्रश्न विचारायचा तर दिल्लीतच, आणि तोही संरक्षण मंत्र्यांना.

या पेन्शन योजनेत सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन महिना एक हजार रुपये आहे. एक हजार! वाढवून साडेसात हजार आणि वर महागाई भत्ता द्या, ही पेन्शनरांची मागणी. खासदार जवळजवळ प्रत्येक अधिवेशनात विचारतात आणि उत्तरही जवळजवळ तेच येतं : मालक ८.३३ टक्के भरतो, केंद्र सरकार १.१६ टक्के, निधीत तूट आहे. वाचून वैताग येतो. पण चिकाटीनं वाचलं की फट सापडते. याच उत्तरांतून बाहेर आलं की किमान पेन्शन दोन हजार करण्याचा प्रस्ताव श्रम मंत्रालयानं अर्थ मंत्रालयाकडे पाठवला होता आणि अर्थ मंत्रालयानं तो मान्य केला नाही. मग काका, पुढचा प्रश्न श्रम मंत्र्यांना कशाला? अर्थ मंत्र्यांना विचारायचा : प्रस्ताव कोणत्या तारखेला आला, किती खर्च अंदाजला होता, नाकारण्याचं कारण काय?

आणखी एक हत्यार आहे, ते आपण विसरतो. मंत्री म्हणाले, ‘माहिती गोळा करण्यात येत आहे, पटलावर ठेवू’, तर ते नुसतं बोलणं राहत नाही, ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं. लोकसभेत १९५३ पासून शासकीय आश्वासन समिती आहे, तीन महिन्यांत पूर्तता व्हावी अशी अपेक्षा असते. विधानसभेतही अशी समिती आहे. मुदत हमखास टळते, मुदतवाढी मागितल्या जातात, हे खरं. पण आपल्या आमदार-खासदाराला ‘त्या आश्वासनाचं काय झालं’ हे तारखेसह विचारता येतं.

काका, कार्यक्रम झाला की बसू. तुमची पेन्शन पुस्तिका आणि पेन्शन मंजुरीचा कागद सोबत आहे म्हणालात, तो दाखवा. दीडशे शब्दांत मसुदा करू, आरोप काढून टाकू, तीनच उपभाग ठेवू. पहिला असा ठेवू की ज्याला ‘खरे नाही’ म्हणताच येणार नाही. खासदारांच्या कार्यालयात देताना पोच घ्या.

मागून कुणीतरी बीडी कामगारांबद्दल चिठ्ठी पाठवली आहे, ती आधी घेतो.