बेस गायब? आधी अर्थिंग तपासा!

मंडळी, गाडीत वूफर असणं वेगळं आणि ऐन वीकेंडला तो वाजणं वेगळं! हायवेला लागलं की बेस गायब, अँपवर लाल दिवा. दुकानवाल्याचं उत्तर ठरलेलं, ‘अँप गेलाय, नवीन टाका.’ म्हणजे अर्धा पगार स्वाहा!

माझ्या मित्राला साताऱ्यात हेच ऐकायला मिळालं. घरी सांगलीला जायचंच होतं, म्हणून कराड, पेठ नाका करत साधारण १२० किलोमीटर आम्ही बेसविना काढले. सांगलीतल्या ऑटो इलेक्ट्रिशियनने आधी मल्टिमीटर काढला. इंजिन चालू, गाणं जोरात. बॅटरीवर १४ व्होल्ट, अँपच्या प्लस-मायनसवर जेमतेम १०! पण अँपचा प्लस आणि बॅटरीचा मायनस मोजला तर पुन्हा १४ च्या आसपास. म्हणजे चोर अर्थच्या वायरीत. डिक्कीतल्या बोल्टखाली चक्क रंग होता. तो खरवडला, बोल्ट आवळला आणि काचा थरथरल्या. अँप तोच, जुना!

तुमच्या गाडीतही हा क्रम करून बघा.

दिवाच लागत नाही? फ्यूज बघा. मग स्टिरिओ चालू ठेवून अँपच्या रिमोट वायरवर १२ व्होल्ट येतात का, ते मोजा.

लाल दिवा? सिस्टिम बंद करून वूफरच्या वायरी काढा, पुन्हा चालू करा. दिवा गेला तर दोष वूफर किंवा त्याच्या वायरींत. राहिला तर सप्लाय आणि अर्थ तपासा. तेही ठीक असेल, तरच अँपवर संशय घ्या.

वूफर जिवंत आहे का? सुट्या वूफरला ९ व्होल्टची बॅटरी क्षणभर टेकवा, कोन हलायला हवा. ४ ओहमची कॉइल मीटरवर चारपेक्षा थोडी कमी दाखवते. शून्य म्हणजे शॉर्ट, काहीच नाही म्हणजे कॉइल तुटली. ४ ओहमच्या दोन कॉइल पॅरलल जोडल्या की लोड होतो २ ओहम. अँपला तो झेपतो का, हे मॅन्युअलमध्ये बघा.

अॅक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी? पुन्हा अर्थच!

आणि एक गोष्ट अजिबात टाळू नका. बॅटरीपासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत, प्लसच्या वायरवर फ्यूज हवाच. तो सारखा उडतो म्हणून तार गुंडाळली आणि वायर पत्र्याला घासली, तर गाडी पेटू शकते. वायरीला हात लावण्याआधी बॅटरीचा मायनस काढा.

साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत येतो. ग्लोव्ह बॉक्समध्ये असू द्या!